पाचव्या भागातला ऑड्रेचा आवाज

प्रथम तक्रार नोंदवतो. वकीलबाईंनी चहासोबत दिलेलं बिस्किट सादळलेलं होतं. हे मला पहिल्याच घासाला कळलं. त्यावरून मी, क्लिफर्ड ॲकरॉइड, वय अठ्ठावन्न, राहणार हॅलिफॅक्स, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नाही, हे सिद्ध व्हावं. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द.

१. राहतं घर मावसबहीण म्युरिएल हिला. माळ्यावरची खोकी तिने उघडून पाहिल्याशिवाय फेकू नयेत.

२. टेपरेकॉर्डर गावच्या ग्रंथालयाला. १९६९ साली टीव्हीवर 'करड्या ग्रहाचे पाहुणे' ही परग्रहवासीयांच्या स्वारीची मालिका लागे, तेव्हा याच यंत्राचा माईक मी टीव्हीपुढे धरून बसत असे. पुढे वाहिनीने मालिका पुसून टाकली. पाचवा भाग जगात उरला तो माझ्या टेपवर, केवळ ध्वनिरूपाने. आणि त्यातच माझ्या थोरल्या बहिणीचा, ऑड्रेचा आवाज.

"अय्या, हा राक्षस म्हणजे धुण्याची टोपली आहे की रे!"

"ताई, गप ना! टेप चालू आहे."

"मग त्यांना म्हणावं, पृथ्वी नंतर जिंका, चहा गार होतोय."

त्याच हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

३. मित्र नॉर्मन थ्वेट यास त्याचीच सीडी, साभार परत. टेपची खरखर काढायला मी ती विश्वासाने त्याच्या हाती दिली. त्याने ऑड्रेलाच काढलं आणि तो भाग सीडीवर घालून 'थ्वेट संग्रह' म्हणून विकायला ठेवला.

"क्लिफ, लेका, ताईची बडबड गेल्यावर कसा लख्ख झालाय बघ!"

"मूळ टेप कुठाय?"

"ती होय? टाकली. बुरशी धरली होती रे."

परग्रहवासीयांनी निदान आधी इशारा दिला होता.

थ्वेट अंत्यविधीला आलाच तर बसू द्यावं, सँडविचही द्यावं. माझ्याविषयी बोलायला उभं करू नये. माझ्या आयुष्यातूनही तो नको ते काढून टाकील.

४. चाळीस वर्षांच्या मैत्रीत थ्वेटने साधी सुतळी टाकलेली मी पाहिलेली नाही. तस्मात् म्युरिएलने त्याच्या गॅरेजमध्ये शोध घ्यावा. टेप मिळाल्यास आहे तशी, खरखरीसकट जपावी.

"मग तुम्ही स्वतःच का जात नाही?" असं वकीलबाईंनी विचारलं. खरं सांगतो. ऑड्रेचा शब्दन् शब्द मला पाठ आहे, पण आवाज आता आठवत नाही. टेप लावली आणि तो आवाज मला ओळखूच आला नाही तर, याची भीती वाटते.

सही: क्लिफर्ड ॲकरॉइड

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
डोरीन फॉसेट, वकील
लायनेल ग्रीनवुड, शेजारी

हॅलिफॅक्स, ९ मार्च २०१७