कोटाच्या अस्तरातलं नाव

२ सप्टेंबर २००८, मंगळवार

भांडलो! पुन्हा झिविलेशीच. शाळा सुरू होऊन दुसराच दिवस आणि हिच्या टेबलावर चौसष्ट नावांची यादी. म्हणाली, "विल्यस, तुझं अक्षर चांगलं आहे. दगडांवर नावं तू रंगव."

दर तेवीस सप्टेंबरला, देशभरच्या स्मृतिदिनी, शाळेतली पोरं एकेक दगड घेऊन चार किलोमीटर चालतात. बाजारचौकातून निघून जंगलातल्या खड्ड्यापर्यंत. एकेचाळीस साली गावातल्या ज्यूंना गोळ्या घालायला ज्या रस्त्याने नेलं, तोच रस्ता. एका दगडावर एक नाव. खड्ड्यापाशी ठेवायचा आणि नाव मोठ्याने वाचायचं.

मी म्हणालो, "आणि आपली माणसं? गुरांच्या डब्यात कोंबून सैबेरियात नेली, त्यांचे दगड कुठे आहेत?"

"त्यांची नावं जूनमध्ये स्टेशनवर वाचतो. तुझी आजीच वाचते की! तू काय तराजू घेऊन बसलायस?"

"रशियनांनी केलं ते—"

"तेही शिकवते मी. जर्मनांचंही आणि आपल्याच गावकऱ्यांचंही. त्याच खोलीत, त्याच पोरांना."

दार आपटून निघालो. मग परत जावं लागलं — जाकीट राहिलं होतं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

३ सप्टेंबर

गेलो. ब्रश हातात घेतला. ती "ये" एवढंच म्हणाली. एका शब्दावर दिवस काढला!

५ सप्टेंबर

गावात सांगतो की राजधानीत, विल्नियसला प्राध्यापकाशी वाजलं म्हणून तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं. वाजलं होतं, खोटं नाही. पण खरं कारण आमच्या शाळेत 'सहिष्णुता केंद्र' अशी पाटी लावलेल्या खोलीत फळा पुसत असतं. ती दोन वर्षं पुढे होती. शिकून गावी आली, मास्तरीण झाली. मी न शिकता आलो, लाकडाच्या गिरणीत फळ्या उचलतो आणि चारनंतर तिच्या खोलीत फुकट राबतो. मूर्ख म्हणा. आजी म्हणते.

त्या खोलीत काचेच्या कपाटात आजीचा कोट आहे. करडा, लोकरीचा, बर्चच्या लाकडाची तीन बटणं लावलेला. एकोणपन्नासच्या मार्चमध्ये तिला उचलून नेलं तेव्हा हाच अंगावर होता. आठ वर्षं सैबेरियात याच कोटाने तिला जगवलं. ही गोष्ट पोरांना सांगायचं काम माझं! आज सातवीला सांगितली. थंडीने बटणं तडकली, मग आजीने लाकूडतोडीच्या छावणीत सुरीने नवी कोरली. हे सांगताना माझा आवाज दरवेळी चढतो. झिविले दाराशी उभी राहून ऐकते, म्हणून जरा जास्तच.

एका मुलीने विचारलं, "पण कोट आणला कुठून?"

मी म्हटलं, "शिंप्याकडून! अजून कुठून?"

झिविले म्हणाली, "तेव्हा गावातले चारही शिंपी ज्यू होते."

आणि फळा पुसायला वळली. पोरांना विचार करायला सोडून देते, ही तिची पद्धत. मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

१० सप्टेंबर

तेवीसला विल्नियसहून सरकारच्या इतिहास आयोगाची माणसं येणार. फोटो काढणार, कोटाबद्दल लिहिणार. कोटाला कसर लागलीय. झिविलेने कपाट उघडून तो माझ्या हातात दिला. "आजींकडून नीट करून आण. तुझ्या आजीसारखी माणसं आहेत म्हणून मला हे शिकवता येतं, विल्यस."

नावाने हाक मारली, आणि बोटं लागली. कोट छातीशी धरून घरी आलो. रस्त्यात बाल्त्रुसकाका दुकानाच्या पायरीवर बसून ओरडला, "काय रे, लग्न ठरलं काय कोटाशी?"

हसू दे.

१२ सप्टेंबर

आजीचे हात कापतात, सुईत दोरा जात नाही. म्हणून मीच बसलो. काखेखालचं अस्तर पार विरलेलं. उसवलं. आत कापडाची एक पट्टी शिवलेली. लाल दोऱ्याने नाव भरलेलं.

शेइना रुबिन.

हे नाव मी आठ दिवसांपूर्वी रंगवलंय. दगड एकेचाळीस. वय पंधरा.

१३ सप्टेंबर

आजी स्वयंपाकघरात अळंबी साफ करत होती. मी सरळच विचारलं, "शेइना कोण?"

सुरी थांबली. "कुठे वाचलंस?"

"तुझ्या कोटात."

"हं. मला वाटलं, एव्हाना कसरीने खाल्लं असेल."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती अळंबी साफ करत राहिली. मग बोलली, तुकड्या-तुकड्याने.

"माझ्या पुढच्या बाकावर बसायची. गणित मी तिचं बघून लिहायचे. चार हिवाळे हाच कोट माझ्या डोळ्यांसमोर. पाठ तेवढी दिसायची."

"आणि?"

"आणि काय! जर्मन आले. ऑगस्टात नेलं त्यांना. पहाऱ्याला आपलीच पोरं होती, दंडाला पांढरी पट्टी बांधून. आम्ही पडद्याआडून पाहिलं. मग त्यांचं सामान त्यांच्या प्रार्थनाघराच्या, सिनॅगॉगच्या, अंगणात वाटलं. आईने हा आणला. म्हणाली, लोकर चांगली आहे."

"आणि तू घातलास!"

"घातला. आधी बटणं बदलली. तिची निळी होती, काचेची. सगळी शाळा ओळखायची. बाबांनी बर्चची करून दिली."

"सैबेरियात कोरलीस ती?"

"ते तू ठरवलंस, पोरा. सात वर्षांचा होतास. बटणं पाहिलीस आणि अख्खी गोष्ट रचलीस. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

एवढंच! शंभर वर्गांना सांगितली असेल मी ती गोष्ट!

"मग नाव का नाही काढून टाकलंस?"

"अस्तर फाटलं असतं."

पुढची अळंबी उचलली. मग म्हणाली, "शिवून टाक परत. होतं तसं."

१४ सप्टेंबर

चर्चला गेलो नाही. आजी गेली.

१६ सप्टेंबर

झिविलेने पोरांना विचारलं, "शेजारचं घर रिकामं होताना तुम्ही पाहताय. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरात त्यांची घागर, त्यांची उशी येते. तुम्ही काय कराल?" एकीने सांगितलं, परत देईन. "कुणाला?"

मी मागच्या बाकावर घामाघूम. हिला कळलंय का? नाही, कळलं नसावं. ती दर वर्षी हाच प्रश्न विचारते. मीच दर वर्षी तिच्याकडे बघत बसतो, प्रश्न ऐकत नाही.

तास संपल्यावर म्हणाली, "कोट झाला का? आणि आजकाल भांडत नाहीस. बरं नाही का वाटत?"

"गिरणीत दमतो."

सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं! पण मग आजी जूनमध्ये स्टेशनवर कुठल्या तोंडाने उभी राहणार? बाल्त्रुसकाका पायरीवर बसून काय काय म्हणेल? आणि मी? "तुझ्या आजीसारखी माणसं..."

१८ सप्टेंबर

पट्टी कापली. ब्लेडने, एकेक टाका. अस्तर फाटलं नाही — कुठेही नाही! इतकी वर्षं तिला हे सहज जमलं असतं. मग का नाही?

जाळणार होतो. काडी पेटवलीही. जमलं नाही. टाचणीने या पानाला टोचून ठेवली. वही गादीखाली. अस्तर परत शिवलं, आजीच्या टाक्यांसारखेच टाके घातले. कुणाला कळणार नाही.

कोट झिविलेला दिला. तिने काखेवरून हात फिरवला. "किती सुबक! आजींना माझा नमस्कार सांग."

सांगितला. आजीने विचारलं, "होतं तसंच शिवलंस ना?"

"हो."

आजीशी खोटं बोलताना मी दारातल्या बुटांकडे बघत होतो. तिने मानेनेच बरं म्हटलं आणि बटाटे किसायला घेतले. रात्री धिरडी केली, आंबट साय वाढली. मला दोन जास्त. ती ताटातच राहिली.

२१ सप्टेंबर

आजी दिवसभर खिडकीशी. रस्ता दिसतो तिथून. जेवली नाही. विचारलं तर म्हणते, "किती किलोमीटर रे ते?"

"चार. तुला कशाला?"

"सहज."

२२ सप्टेंबर

दगड वाटले. आठवीतली एक मुलगी तापाने पडली, एक दगड उरला. झिविलेने उचलून माझ्या हातावर ठेवला. "हा तू घे. दर वर्षी ब्रश धरतोस, दगड कधी घेतला नाहीस."

एकेचाळीस नंबरचा.

मी म्हटलं, "दुसरा दे."

"का? जड आहे?"

तेवढं बोलून ती बघत राहिली. मी हो म्हटलं. ती हसली, पहिल्यांदाच, आणि मला ते नको होतं.

२३ सप्टेंबर, संध्याकाळी पाच

आजी आली. चालत, पोरांच्या मागून, काठी टेकत, भर उन्हात, कोट घालून. सकाळी स्वतःच शाळेत जाऊन झिविलेकडून मागून घेतला होता. मला पत्ता नाही.

खड्ड्यापाशी त्रेसष्ट नावं वाचून झाली. माझं राहिलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आजी पुढे आली. म्हणाली, "हा कोट माझा नाही. जिचा आहे, तिचं नाव आत आहे. बघा." खिशातून कात्री काढली. काखेतली शिवण सर्रकन उसवली.

आत काही नव्हतं.

बोटांनी चाचपत राहिली. पुन्हा पुन्हा. आयोगाची माणसं एकमेकांकडे बघू लागली. बाल्त्रुसकाका म्हणाला, "म्हातारी भ्रमलीय. घरी न्या कुणीतरी." झिविलेने माझ्याकडे पाहिलं. मी दगड धरून उभा. गप्प.

कुणाच्या तरी गाडीतून तिला शाळेत आणलं. आता निरोप आलाय. त्या खोलीत बसलीय, कोट मांडीवर घेऊन, उठायला तयार नाही. एकच सांगतेय: होतं तिथे.

पट्टी अठरा तारखेच्या पानावरून काढतोय, शाळेत न्यायला. टाचणीची दोन भोकं राहतील.