बाईंना वेळ नव्हता

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसलेय, हे तुमच्या मुलाने पाहिलं तर म्हणेल, हिला ऊन लागलं. इथे कुवेतला, आमच्या हवल्लीत सकाळपासून धूळ उडतेय. समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नाही. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली, तरी दाताखाली कचकच लागतेच. शुक्रवार आहे, हे आत घोरतायत. स्वयंपाक झालाय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हात रिकामे दिसतायत, काहीतरी घेऊन बस. म्हणून बसले.

तुमच्या घरी आले तेव्हा मला अक्षरं सुटी सुटी ओळखता यायची. जोडाक्षर आलं की गाडा चिखलात रुतायचा. माहेरी दुसरी झाली न झाली तोच धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलं होतं. तुम्ही तर गावाच्या बाई. कुंकू पुसलं गेलेलं, कडेवर लेक, आणि कुठून कुठून ट्रेनिंग घेऊन आमच्या त्या डोंगराच्या पोटातल्या गावात एकटीने शाळा चालवायला आलेल्या. गावातल्या बायका पाणवठ्यावर मला टोचायच्या, "काय गं, सारं गाव शहाणं केलं बाईनं, अन् सून कोरीच ठेवली व्हय?" एकदा मनाचा हिय्या करून मी विचारलं, बाई, मला शिकवाल का? तुम्ही पाय धूत होता. मान वर न करता म्हणालात, "दिवसभर घसा फोडून येते मी. घरात परत शाळा नको. मला वेळ नाही." बाई, ते मला तोंडात मारल्यासारखं लागलं होतं. चुलीचा धूर डोळ्यात जातोय असं दाखवून मी पुष्कळ रडले.

मग थोड्या दिवसांनी तुम्ही ती धनगराची पोर आणून दारात उभी केलीत. नाकाला शेंबूड, अंगाला बकऱ्यांचा वास. "ही दिवसा बकऱ्या चारते, शाळेत येत नाही. संध्याकाळी हिला तू बसवत जा. मला वेळ नाही." मी म्हटलं, मलाच कुठं धड येतं? तुम्ही म्हणालात, "तिच्यापेक्षा येतं ना?" आणि गेलात पाणी तापवायला. मी भाकऱ्या थापायची, ती शेजारी उकिडवी बसायची. काठवटीत पीठ पसरून मी बोटाने अक्षर काढायची, तिने ते गिरवायचं, की मी पुसून त्याच पिठाची भाकरी थापायची. पोर मोठी चौकस. "वैनी, हे काय? वैनी, ह्याला पाय का मोडलाय?" मला येत नसलं की माझी धांदल. ती यायच्या आधी, दुपारी तुम्ही शाळेत असताना, वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून मी वाचत बसायची. आज हिने काय विचारलं तर अडू नये, एवढंच. असं करत करत मी वर्तमानपत्र वाचायला लागले, मग पोथी, मग हाताला लागेल ते. तुम्ही कधी शाबास म्हणाला नाहीत. मीही सगळ्यांना सांगत आले, मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकले.

तुमची शाळा मी भाकरी घेऊन यायची तेव्हा पाहायची. एक खोली, चार वर्ग, चारही भिंतींकडे तोंडं करून बसलेले, आणि तुम्ही मधे. एकदा दिपोटीसाहेब आले होते शाळेच्या तपासणीला. मी दाराशी फडकं घेऊन उभी. ते म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेतला सगळ्यात ढ मुलगा दाखवा." तुम्ही बोट केलंत. तो दोन लहानग्यांना पुढ्यात घेऊन बेरजा सांगत होता. दिपोटी हसले, "अहो, हा तर शिकवतोय!" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच शिकवतोय. हुशार पोराला हाताखाली पोर दिलं तर ते शेफारतं. कच्च्याला दिलं की ते लाजेकाजेस्तव घरी जाऊन अभ्यास करतं." साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि चहा मागितला. बाई, हे मी कानांनी ऐकलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरी माझ्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नाही, बघा.

तुम्ही गेल्यावर मग आमचं इकडे येणं झालं. लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं. यांना आधी बोलावलं, मागून मी आणि पोरगी. ही तुमची नात तुम्ही पाहिलीच नाहीत. दिसायला थेट तुमची, तीच जाड भुवई, तीच हनुवटी. पण तिसरीत गेली तरी वाचता येईना. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणार, आणि इंग्रजीचं पुस्तक पुढे ठेवलं तर मुकी. चित्रं बघून गोष्ट रचून सांगायची, इतकी हुबेहूब की आम्हाला कितीतरी दिवस पत्ताच नाही. शाळेतून बोलावणं आलं. मोठ्या बाईंनी सरळ सांगितलं, वर्षाच्या शेवटी वाचून दाखवलं नाही तर आम्ही हिला ठेवू शकणार नाही. दुसरीकडे जागा कुठे होती? तेव्हा आपल्या भारतीय शाळा मोजक्याच उघडलेल्या. हे घरी आले, बूटसुद्धा न काढता बसले आणि म्हणाले, "तुम्ही दोघी गावी जा. मी इथे बॅचलर लोकांत राहीन." लहानपणी बाप गेलेला हा माणूस. स्वतःच्या लेकीला आता वर्षातून एकदा सुट्टीत पाहणार, आणि तेही पाहुण्यासारखं. त्या दिवशी तो जेवला नाही.

मी सगळं करून पाहिलं. शिकवणी लावली, रागावले, लाडीगोडी केली, एकदा हातही उचलला. शेवटी हात टेकले. आमच्याकडे दर शुक्रवारी एक मालवणकडचा सुतार जेवायला यायचा. यांच्या कंपनीतला, कॉन्ट्रॅक्टवर आलेला, बायकापोरं गावाला. येताना मासळी आणायचा, जाताना माझ्या कपाटाची बिजागरी ठीक करून जायचा. एका शुक्रवारी जेवता जेवता म्हणाला, "वयनी, साहेब माका फोरमन करतलो म्हणता. पण इंग्रजी कागद वाचूक येवक व्हयो. ह्या वयात माका कोण शिकयतलो?" आणि बाई, माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तुमची ती खोली डोळ्यांपुढे आली, ते बोट केलेलं. मी म्हटलं, "ही शिकवेल की." हे माझ्याकडे बघतच राहिले. पोरगीने मान खाली घातली. सुतार मात्र खूश. "गे बाय, शिकवशीत माका? पण मारू नको हां!"

पहिल्या शुक्रवारी दोघं ए बी सी डीत अडखळली. दुसऱ्या शुक्रवारी बाईसाहेबांना कंठ फुटला. "नो अंकल, आधी साउंड. पूर्ण वर्ड गेस नाही करायचा!" जी स्वतः वर्षभर अंदाजाने वाचत होती ती! सुतार कानाला हात लावायचा, "चुकलंय, बाय, चुकलंय." हे पेपर तोंडापुढे धरून हसायचे. मी आतून ऐकायची. तिच्या बोलण्यात एक झटका होता, वाक्याच्या शेवटी एकदम थांबणं, समोरच्याने आता उत्तर द्यायचंच असं. बाई, हुबेहूब तुम्ही. तुम्हाला कधी न पाहिलेल्या पोरीने ते कुठून आणलं? रक्तात आवाजसुद्धा उतरतो का हो?

आणि मग तो गुरुवार. दुपारची वेळ. मी कणीक मळत होते. घर शांत, म्हणून डोकावले, तर ही एसीखाली जमिनीवर पालथी पडून, पुस्तकाचं पुढचं पान उघडून, बोट ठेवून ठेवून ओठ हलवतेय. अडली की मागे जातेय, पुन्हा येतेय. मी म्हटलं, काय चाललंय? तिने पुस्तक पोटाखाली सारलं. "मम्मी, उद्या अंकल हे विचारणार. मला यायला पाहिजे ना! अंकलला नको सांगू." बाई, मी तशीच दारात उभी राहिले. ती दुपार, ते पुड्यांचे कागद, ती पोर यायच्या आधीची माझी घाई. मी भिंतीला टेकून खाली बसले, कणकेच्या हातांनी. तिला वाटलं मला चक्कर आली, पाणी घेऊन धावली. चक्करच होती एका परीने. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या खोलीत ढ मुलगा एकच होता, भिंतीकडे तोंड करून बसलेला. तुम्ही मला चुलीपुढे बसवलं होतंत, आणि मला खबरसुद्धा लागू दिली नव्हती. माझा मान ठेवून शिकवलंत, आणि त्यापायी स्वतः कठोर सासू म्हणवून घेतलंत. मी रोज तुमच्या शेजारी झोपायची बाई, आणि माझ्याशेजारी केवढं माणूस झोपलंय ते मला समुद्र ओलांडून आल्यावर कळलं.

वर्षाच्या शेवटी पोरीने वाचून दाखवलं. भरभर नाही, पण अंदाजाने एक शब्द नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही राहिलो. हे त्या दिवशी ऑफिसातून कुनाफा मिठाई घेऊन आले, सुताराला घेऊन आले, आणि जेवताना नुसते पोरीला वाढत राहिले. सुतार फोरमन काही झाला नाही. पण गावी जाईपर्यंत रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचा, लाँड्री, फार्मसी, बेकरी, आणि दर पाटीनंतर पोरीकडे वळून बघायचा.

ती पोरगी आता इथेच लहान मुलांच्या शाळेत शिकवते. बाईच झाली म्हणा ना. परवा घरी येऊन सांगते, "मम्मी, माझ्या क्लासमध्ये एक मुलगा आहे, काही केल्या वाचत नाही. मी एक ट्रिक शोधून काढली. त्याला नर्सरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायला पाठवते. मीच शोधली, कुणी सांगितली नाही." मी म्हटलं, छान हो. पुढे काही बोलले नाही. तुम्ही तरी कुठे बोलला होतात? मी आपली पोळीला तूप लावत राहिले. कुठली ती डोंगरातली खोली, आणि कुठलं हे वाळवंट. तुमचं नाव त्या मुलाला कधी कळायचं नाही, त्याच्या पुढ्यात बसलेल्या पोरांनाही नाही.

आता एक सांगते, आणि हे तुमच्या मुलालाही मी सांगितलेलं नाही. मागच्या सुट्टीत गावी गेले तर ती धनगराची पोर भेटली. पोर कसली, केस पिकलेत, नातवंडांची आजी आहे. अंगणवाडीत काम करायची, आता तेही सोडलं. दोघी ओट्यावर बसून खूप बोललो. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तुला बाईंनी माझ्याकडे का धाडलं गं, काही सांगितलं होतं का? तिला नक्की माहीत असणार. नाही विचारलं मी. ती म्हणाली असती, "अवो वैनी, बाईंना खरंच वेळ नव्हता," तर?