गर्दीचा आठवडा

४ फेब्रुवारी
गाडी बंद होणार म्हणे! स्टेशन मास्तर कारखान्यात येऊन सांगून गेले. "वहिनी, सोमवारपासून आठवडाभर मोजणी आहे. आपल्या गावाला गाडी ठेवायची की नाही, ते त्यावर ठरणार." चहा अर्धाच टाकून गेले.

गाडी गेली की आम्ही बुडालो. आमच्या खुर्च्या तिच्याच मालडब्यातून जातात. ट्रकचं भाडं द्यायचं तर खुर्ची फुकट वाटल्यासारखंच. नऊ सुतार आहेत पदरी. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बघू." ह्यांचं सगळं बघूच!

५ फेब्रुवारी
डोळ्याला डोळा नाही. पण सुचलं – गाडी भरायची! सगळ्या गावाने आठवडाभर रोज जंक्शनला जायचं आणि यायचं. मोजा म्हणावं!

७ फेब्रुवारी
सगळे कारखानदार तयार. आठवडाभर कामं बंद, माणसं गाडीत. फक्त जाऊबाईंनी नाक मुरडलं. "आणि खुर्च्या कोण करणार?" मी म्हटलं, एक आठवडा नाही झाल्या तर आभाळ कोसळत नाही. त्यांना माझं काही पटलंय का आजवर!

१० फेब्रुवारी
फलाटावर पाय ठेवायला जागा नाही! शिंपी सहकुटुंब. न्हावी दुकान बंद करून. आमचे मिस्त्री धुतलेला सदरा घालून, नातवंडांसकट. मोजणीवाली अगदी पोरगी आहे. हातातलं यंत्र दाबून दाबून अंगठा दुखला असेल बिचारीचा. जंक्शनला चहा प्यायलो, परत आलो. गंमत वाटली, खोटं कशाला बोलू.

१२ फेब्रुवारी
आज जीव टांगणीला. पोरीने मिस्त्रींना विचारलं, "आजोबा, रोज जाता?"
"रोज."
तिने त्यांच्या हातांचे घट्टे पाहिले. "मग काम कधी करता?"
"काम काय, होतं अधूनमधून."
ती हसली. 

१४ फेब्रुवारी
मास्तरांनी बाजूला घेतलं. "वहिनी, मालडबा सोमवारपासून रिकामा जातोय." हळू बोला, म्हटलं, पोरगी ऐकेल! ती तेव्हा गाडीच्या शेपटाकडेच होती. मालडब्याचं दार उघडायला लावलं, आत डोकावली. विनातिकीट कोणी बसलंय का बघत असेल. आमच्याकडे सगळ्यांची तिकिटं आहेत, शोध म्हणावं!

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बोललेल्या परवडतात.

१६ फेब्रुवारी
संपलं एकदाचं. जाताना पोरगी म्हणाली, "एवढी गर्दी मी कुठेच पाहिली नाही." मी वेड्यासारखी हसले.

२४ फेब्रुवारी
अजून काही नाही. फोन वाजला की आधी मीच धावते. ह्यांच्यावर उगाच ओरडले.

३ मार्च
गाडी राहिली!! मास्तरांचा फोन! मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी. हे चक्क म्हणाले, "तू होतीस म्हणून." लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी म्हणाले! दुपारपासून कारखाना पुन्हा जोरात. भुश्शाच्या वासाने बरं वाटलं.

४ मार्च
मास्तर आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. एवढी गर्दी, म्हणून गाडीला माणसांचा एक डबा वाढवलाय, पुढच्या सोमवारपासून. फलाट तेवढाच, त्यामुळे एक डबा काढावा लागणार. मालडबा काढताहेत. रिकामाच असतो ना.

जाऊबाई म्हणाल्या, "खुर्च्यांची तिकिटं काढा आता." हसल्या नाहीत.

बाहेर रंधे चालू आहेत. सुतारांना मलाच सांगायचंय.