ज्वारीच्या पिठातली दरी

बाबा, काल दुपारी तुमच्या नातीने पाठीवरची बॅग हॉलमध्ये उपडी केली आणि सामान पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर ती सहा दिवस हिमाचलात चालायला निघाली आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, ती तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोत ओळखते. मराठी बोलते बऱ्यापैकी, पण वाचताना अडखळते, तेव्हा हे पत्र तिच्या हाती लागलं तरी धोका नाही. तिने मला फोनवर दरी दाखवली. बोटाने ढकलली की दरी गर्रकन फिरते. "पप्पा, पूरा रास्ता दिखता इसमें," ती म्हणाली. मी हौ म्हणालो आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. दिलसुखनगरच्या मे महिन्यात कूलरही गरमच हवा फेकतो, तसा तो फेकत होता, आणि मी ओट्याला टेकून बराच वेळ तिथेच उभा राहिलो. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली, तरी काही गोष्टी बोलायला मला तुम्हीच लागता.

तुम्ही आयुष्यभर डोंगर काढलेत आणि एकही चढला नाहीत. परभणीकडचं सपाट काळं रान सोडून हैदराबादला आलात, नकाशांच्या सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन झालात आणि तीस वर्षं बारीक टाकाने तपकिरी रेषा ओढत बसलात. एक रेष म्हणजे एक उंची. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सपाटी, आणि तपकिरी रेष जिथे निळी होते तिथून बर्फ. हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. एका शनिवारी तुमच्या टेबलाशी बसून मी रद्दी कागदावर डोंगर काढला आणि दोन रेषा खुशाल एकमेकींवरून नेल्या. एरवी तुम्ही आवाजही चढवत नसा, त्या दिवशी मात्र चार माणसांदेखत रागावलात. रेष रेषेला कापत नाही, एका जागेला दोन उंच्या नसतात, खोटा डोंगर काढायचा नाही, असं म्हणालात. मी रडलो. परत येताना हॉटेलात बसवून मला बशीत चहा ओतून दिलात, पण बोललेलं काही मागे घेतलं नाहीत.

तुम्ही रिटायर झालात त्याच उन्हाळ्यात आम्ही चार मित्रांनी सहा दिवसांची पायपीट ठरवली. कुल्लूच्या बाजूने दरीत शिरायचं, खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या दरीत उतरायचं. तुम्ही दरीचं नाव ऐकलंत आणि पेपर खाली ठेवलात. तो नकाशा तुमच्याच हातचा होता, त्यावर तुमची दोन वर्षं गेली होती. पण तो भाग सरहद्दीकडचा, ते नकाशे कचेरीबाहेर काढायला मनाई. मी म्हणालो, आठवणीतून कागदावर काढून द्या की, कोण बघायला येतंय. चोरी कर म्हणून सांगितल्यासारखं तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. जरा वेळाने आत गेलात आणि आईने मळून ठेवलेला ज्वारीच्या पिठाचा गोळा परातीसकट पुढे ओढलात.

"कागद राहतो," तुम्ही म्हणालात, "भाकरी राहत नाही."

तेवढीच काय ती तुमची पळवाट. अंगठ्याने दाबून तुम्ही दरी केलीत, चमच्याच्या दांड्याने नदी ओढलीत. पीठ सारखं तडकत होतं आणि तुम्ही पाण्याचा हात लावत होतात. आई कुरकुरत होती, पिठाचा कसला खेळ मांडलाय, भाकरी चिरंल. तुम्ही सांगत होतात, डाव्या अंगाला रेषा दाटल्यात, तिकडे जायचं नाही, पाणी उजव्या हाताला ठेवून चालायचं नाही, डावीकडे ठेवायचं. पुढे दोन ओढे मिळतात तिथे रेषा विरळ आहेत, मुक्काम तिथे करा. सगळं सांगून झालं, हाताला पीठ तसंच, नजर परातीत.

"चौघांत पाचवा चालतो का रे? मी येतो म्हणलं तर?"

मी हसलो, बाबा. तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही म्हणालो. तुमच्या गुडघ्यांना काय धाड भरली होती? गौलीगुड्याच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन तुम्ही चालत घरी येत होतात. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. मित्रांच्या सिगारेटी, शिव्या, गाणी, आणि त्यात कानटोपी घातलेले तुम्ही, प्रत्येकाला त्याच्या वडिलांची नोकरी विचारणारे. "हौ, तेबी खरंच," तुम्ही म्हणालात आणि दरी चुरगाळून गोळा आईच्या हातात दिलात. संध्याकाळी आपण ती पिठल्याबरोबर खाल्ली. भाकऱ्या खरंच चिरल्या होत्या.

आता आमच्या पायपिटीचा तिसरा दिवस आहे. देवदारांचं रान मागे पडलं आहे, नदीवर ओंडक्यांचा पूल आहे आणि पलीकडे, डाव्या अंगाला, चांगली रुंद वाट दिसते आहे. मित्र पुलाकडे वळतात. मला परातीतला तुमचा अंगठा दिसतो. मी म्हणतो, पूल नको, याच काठाने जाऊ. ते शिव्या देत माझ्यामागे येतात. दोन तासांनी समोरची रुंद वाट दरडीखाली गडप झालेली दिसते, नुसता दगडांचा ढीग नदीत उतरलेला. कसं कळलं म्हणून ते विचारतात. मी म्हणतो, अंदाज. तुमचं नाव घेत नाही. संध्याकाळी दोन ओढे मिळतात तिथे हिरवंगार कुरण लागतं, पिवळ्या बारीक फुलांचं. तंबू ठोकून मी बाजूला जाऊन बसतो आणि मला इतकं रडू येतं की मी ओढ्यावर तोंड धुतो आणि पुन्हा धुतो.

परत आल्यावर तुम्ही मला चप्पलही काढू दिली नाहीत. रेष तपकिरीची निळी होते ती जागा दिसते का, हे तुम्हाला हवं होतं. दिसते, बाबा. दगड संपतात आणि मळकं, जुनं बर्फ सुरू होतं. एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून मी उभा राहिलो होतो. पण मी तुम्हाला म्हणालो, तसं काही नसतं हो, सगळं एकच असतं, झोपू द्या आधी. तुम्ही पंखा वाढवून दार लोटून घेतलंत. मग सांगू, मग सांगू करत पावसाळा गेला आणि थंडीत तुम्ही एका सकाळी चहाच्या कपाशीच गेलात. पुण्यानुमोदनाला एक मित्र म्हणाला, बरं झालं तू त्यांना नेलं नाहीस, तिथे हार्ट अटॅक आला असता तर काय केलं असतंस. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ती समजूत मला एक दिवससुद्धा पुरली नाही.

काल लेकीला मला विचारायचं होतं, मी येऊ का. तोंडाशी आलं होतं. तुम्ही विचारलंत तरी, माझ्याच्याने तेवढंही झालं नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो, जी आईलाही सांगितली नाही. निघायच्या चार दिवस आधी आमच्यातल्या एकाची रजा रद्द झाली. तिकीट मोकळं, तंबूत जागा मोकळी. आमच्यातलाच एक जुना मित्र म्हणाला, अंकलना घे, त्यांना किती हौस आहे. मी त्याला सांगितलं, विचारलं होतं, ते नको म्हणाले. मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. मग सिकंदराबाद स्टेशनवर तुम्ही मला पोचवायला आलात आणि त्याने तुम्हाला गाठलं.

"अंकल, आप नक्को बोले बोलके सुना मैं. आते तो मजा आता."

तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. सगळं तुम्हाला तिथेच कळलं, हे मला दिसलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "हौ बेटा, घुटने साथ नहीं देते." आणि माझी ती धोंड्यासारखी बॅग उचलून, दोन पायऱ्या चढून, डब्यात नेऊन ठेवलीत. मी वरच्या बर्थवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. तुम्ही खाली फलाटावर उभे होतात, हे मला माहीत होतं. गाडी हलेपर्यंत मी खिडकीशी आलो नाही.