कॅलेंडरमागचा बोर्ड

आई, तू जिथं गेलीस त्या भिंतीवर काल आम्ही टीव्ही लावला. एवढं एक वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, परत उचललं. तुझ्या नातीने तुला फक्त फोटोत पाहिलंय. त्या भिंतीबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नाही. तिला एवढंच दिसलं की हॉलमधली एक भिंत उगाच रिकामी आहे आणि तिच्यावर कुठूनही ऊन येत नाही. तिथं कधीकाळी खिडकी होती आणि खिडकीत आपला कूलर होता. बाबांनी त्याच उन्हाळ्यात खिडकी विटांनी बुजवली आणि बाजूच्या विजेच्या बोर्डावर कॅलेंडर टांगलं. तेव्हापासून दर वर्षी नवं कॅलेंडर त्याच खिळ्यावर येतं. जुनं काढतात बाबा आणि नवं लावतातही तेच, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत.

टीव्ही घ्यायला जालना रोडवरच्या दुकानात गेलो, तेव्हा सगळं हसतखेळत चाललं होतं. मला जुने सिनेमे थिएटरसारख्या आवाजात बघायचे होते आणि पोरीला गेम खेळायचे होते. ती घरून अभ्यास करून आलेली. "पप्पा, फोर-के सगळेच देतात हो. गेमसाठी हर्ट्झ बघायचे. साठवाला घेतला तर गाडी पळताना चित्र पुसट होतं." दुकानदार खूश झाला. "साहब, बिटिया बराबर बोल रही. एकशेवीसवालाच घ्या. पण आवाजासाठी टीव्हीच्या भरवशावर राहू नका, ॲम्प्लिफायर अलग लो." आम्ही निघताना बाबांनी एवढंच बजावलं होतं, "लई मोठा नका आणू, मान दुखती." आम्ही लई मोठाच आणला.

जोडणी मी आणि पोरीने मिळून केली. गेमच्या डब्याची वायर ॲम्प्लिफायरला, तिथून एक वायर टीव्हीला, म्हणजे चित्र जातं आणि आवाज त्याच वायरने परत येतो. ती सांगत होती, मी खोचत होतो. ॲम्प्लिफायर चांगला जड, लोखंडी, तीन पिनांचा. तीन पिनांचा बोर्ड त्या भिंतीला एकच. कॅलेंडर मीच उतरवलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते, या वेळी त्यांनी अडवलं नाही. बोर्डावर रंगाचे थर चढले होते, पिन जोर लावून घालावी लागली. बटण दाबलं आणि पडद्यावर असे काही रंग उमटले की पोरगी ओरडलीच. फरशी नुकतीच पुसलेली, ओलसर होती. ती अनवाणी पुढे झाली, हेडफोन लावायला ॲम्प्लिफायरला हात लावला आणि झटकन काढून हसायला लागली. "पप्पा, याला मुंग्या येतात!"

हा तुझा शब्द आहे, आई. मे महिना आहे, तू कूलरमध्ये पाणी भरतेस. पायाखाली लाकडी पाट घेतल्याशिवाय तू त्याला शिवत नाहीस. "अहो, याला मुंग्या येतात," तू म्हणतेस. बाबा दवाखान्यातून जेवायला घरी आलेत, अंगाला स्पिरिटचा वास. पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "लोखंड हाय, येणारच थोड्या." तू पुन्हा दोनदा-तीनदा सांगतेस. मग एके दिवशी तू सांगणं बंद करतेस. मला वाटलं, कंटाळलीस. 'येणारच थोड्या' हे वाक्य मी बाबांच्या नावावर आयुष्यभर मांडून ठेवलं. दवाखान्यात कंपाउंडर असलेला माणूस, गावाच्या जखमा बांधत फिरला आणि घरात बायकोचं ऐकलं नाही, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हणालो असेन.

त्या दुपारी पंखा थांबला. "लाइट गेली वाटतं, तोवर कूलर भरून घेते," म्हणालीस आणि पाट न घेताच उठलीस. लाइटच नाही म्हटल्यावर भीती कसली? शेजारच्यांचा रेडिओ चालूच होता. तो मला अजून ऐकू येतो. पुढे सगळे विचारत राहिले, लाइट नसताना शॉक बसला कसा? आत्याने तर बाहेरचं काहीतरी आहे म्हणून लिंबू उतरवून टाकलं. बाबा कुणालाच काही बोलले नाहीत.

काल पोरीच्या तोंडून तोच शब्द ऐकला आणि मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. पोरगी घाबरून माझ्याकडे बघत राहिली. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने हसत-बोलत बोर्ड उघडला, बॅटरी मारली आणि हसायचा थांबला. "भाईजान, इथं अर्थिंग हायच नाय. कुणीतरी अर्थच्या भोकातून न्यूट्रलला जोड मारलाय. मुंग्या बंद व्हाव्यात म्हणून लोकं असं करतात. मुंग्या बंद होतात, पण न्यूट्रल, म्हंजी करंट वापस जायची वायर, कुठं सुटला का पंखा बंद, बत्ती बंद. आदमी समजतो लाइट गेली. आणि करंट पूरा लोखंडी बॉडीत उतरलेला राहतो. आता बी न्यूट्रल इथं ढिलाच हाय, म्हणून बेबीला मुंग्या आल्या. जरा अजून हलला असता तर..."

त्याने पकडीने ओढून ती वायर माझ्या हातात दिली. बोटाएवढी, लाल. एका टोकाला पांढरी चिकटपट्टी, दवाखान्यातली, पिवळी पडलेली. पट्टीचा शेवट आत दुमडलेला होता, काढताना ओढायला सोपं जावं म्हणून. लहानपणी माझ्या गुडघ्यांवर अशाच दुमडलेल्या पट्ट्या असायच्या. असं दुमडणारा माणूस मी एकच पाहिलाय.

"काय निघालं रं?" खुर्चीतून आवाज आला.

मी मूठ मिटली. "काय नाय बाबा. स्क्रू ढिला होता." इलेक्ट्रिशियनने माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली वाकून हत्यारं गोळा करू लागला.

बाबांनी उघड्या बोर्डाकडे पाहिलं. "ढिला व्हता व्हय," म्हणाले. मग भिंत धरत उठले, आत गेले आणि तुझा पाट घेऊन आले. तो घरात आहे हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी तो टीव्हीसमोर ठेवला आणि नातीला म्हणाले, "ह्याच्यावर उभी राहून लावत जा, बाई." तिने मान हलवली. मी वायर खिशात सारली.

उद्या मागच्या अंगणात खड्डा खणून नवीन अर्थिंग होईल. तोवर टीव्ही बंद आहे. बाबा सकाळपासून त्याच्यासमोर बसून आहेत. काळ्या पडद्यात त्यांची खुर्ची दिसते आणि खुर्चीत ते. त्यांना किती कळलंय, की सगळं आधीपासूनच ठाऊक होतं, हे विचारायची माझी छाती होत नाही. वायर अजून माझ्या खिशात आहे. हे पत्रही घरात ठेवता येणार नाही, बाबा चष्मा लावून किराण्याच्या पुड्याचा कागदसुद्धा वाचतात. लिहून झालं की फाडून टाकीन.

फक्त एक तुला सांगतो. ती पट्टी ओळखली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं, आई. तुझं ऐकलं होतं त्यांनी.