अंगणातल्या वीस तारा

प्रिय आप्पा,

'प्रिय' लिहून दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा ठेवलं, कारण कागद संपत आलेत.

ताईचा फोन आला होता. म्हणाली, आप्पा अँटेना उतरवणार आहेत, महिनाअखेरीला भंगारवाला पाइप न्यायला येणार, रेडिओचा सेटही कुणाला तरी देऊन टाकणार. का, तर तीन आठवडे रोज दिवेलागणीला रेडिओवर, ऐंशी मीटर लांब लहरींच्या बँडवर, हाका मारताय आणि कुत्रंसुद्धा ओ देत नाही. वर अडुसष्टाव्या वर्षी शिडीवर चढलात, ती तारेची गुंडाळी बसवायला! खाली शिडी धरायला कोण, तर ताई, जिची कंबर धड नाही. आणि मला कळवू नकोस असं तिला बजावलंत म्हणे, 'त्याला काय कळतंय त्यातलं.' हे ऐकल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. आज मनोऱ्यावर नट आवळताना दोनदा पाना हातातून सुटला. फोरमनने हाका मारून खाली उतरवलं, म्हणून भर दुपारी खोलीत बसून हे लिहितोय.

मला काय कळतं ते सांगतो. सूर्यावरचे डाग कमी होऊन तो सध्या मंदावलाय, त्यामुळे दिवसा ज्या बँडवर तुम्ही समुद्रापलीकडे गप्पा हाणायचात ते सगळे मेल्यासारखे पडलेत. म्हणून तुम्ही खालच्या, लांब लहरींकडे वळलात. त्यांना वीस मीटर उंच खांब लागतो आणि तुमचा पाइप नऊ मीटरचा. मधोमध गुंडाळी बसवली की बुटका पाइप स्वतःला उंच समजायला लागतो. इथपर्यंत तुमचं बरोबर. गुंडाळी तर तुमच्यासारखी कुणाला जमत नाही, वेढ्याला वेढा लागून, एकही सैल नाही. पण आप्पा, निम्मा अँटेना जमिनीवर असतो. तिकडे तुम्ही कधी मान खाली घालून बघितलंच नाहीत.

आठ वर्षांपूर्वी हेच केलं होतं आपण. तेव्हाही पाइपच्या बुडाशी जमिनीवर चारच तारा होत्या आणि मीटर अगदी एकाला टेकलेला, म्हणजे तुमच्या हिशेबी सगळं उत्तम; आकडा जितका वर, तितका बिघाड. मी उगाच, हाताला चाळा म्हणून, दोन दिवस खपून चाकाच्या आऱ्यांसारख्या वीस तारा अंगणात पसरल्या. तळहाताला फोड आले होते. मीटर एकावरून दोनवर गेला. तुमचे ते तिघे रेडिओवाले मित्र खुर्च्या टाकून बसले होते. मी म्हणालो, जमिनीचं काहीतरी असेल. तुम्ही त्यांच्याकडे बघून म्हणालात, 'नाचता येईना अंगण वाकडं! नववी नापासाने हात लावला की चालतं यंत्रही आजारी पडतं.' त्यांतले डॉक्टरकाका तर हसता हसता खोकायला लागले. मग त्यांच्यासमोरच माझ्याकडून विसाच्या वीस तारा उपटून घेतल्यात. त्यांचा चहा होईपर्यंत मी वेटोळी करत होतो. एका महिन्यात मी मनोरे उभारायची ही परदेशातली नोकरी धरली. ताईला वाटतं पैशासाठी गेलो.

इथे आल्यावर पहिलंच काम एका रेडिओ स्टेशनचं. मनोऱ्याच्या बुडाशी एकशेवीस तारा पुरल्या आम्ही. एकशेवीस! मी फोरमनला विचारलं, एवढ्या तारांनी मीटर बिघडत नाही का? तो म्हणाला, 'अरे, तारा कमी असल्या की निम्मी ताकद माती खाते. मीटरला काय, ताकद मातीत गेली तरी तो एकच दाखवतो, गोडच बोलतो. तारा वाढवल्या की माती खायची थांबते, आणि मग मीटर खरं बोलायला लागतो.' मी तिथेच चिखलात फतकल मारून बसलो. म्हणजे त्या दिवशी तो आकडा वाढला ते चांगलं झालं होतं, आप्पा! अंगण खरंच वाकडं होतं आणि मी ते सरळ केलं होतं. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढलीत तुम्ही, आणि तोंडपुज्या मीटरवर विश्वास ठेवलात, मुलावर नाही.

माझी ती वेटोळी माळ्यावर आहेत, सिमेंटच्या पोत्यात. ताईने बघून सांगितलं. उंदरांनी एकही कुरतडलेली नाही म्हणे. भंगारात का नाही घातलीत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

आता मुकाट्याने ऐका. पाइपला, गुंडाळीला हात लावायचा नाही. शिडी शेजाऱ्यांकडे ठेवायला ताईला सांगितलंय, आणि भंगारवाला आला तर दारातून परत पाठवायलाही. विसाच्या वीस तारा बुडाशी जोडा आणि चहूकडे पसरा. पुरायची गरज नाही, गवतावर खिळ्यांनी दाबल्या तरी चालतं. मीटर वर जाईल. जाऊ दे. मग बुडाशी, पाइप आणि तारांच्या मधे, चार बोटांची छोटी गुंडाळी टाका, वेढे कमीजास्त करा, आकडा खाली येईल. त्या तिघांना खुर्च्या टाकून बोलवा हवं तर.

आणखी एक. इथली रेडिओची परीक्षा दिली मी. पस्तीसपैकी बत्तीस. परवाना पलंगाच्या वर चिकटवलाय. खोल्यांच्या मागे टाकाऊ पाइपचा अँटेना उभा केलाय, खाली साठ तारा. तुमच्याकडे दिवे लागतात तेव्हा माझ्याकडे उजाडतं. कामावर जायच्या आधी मी ऐकत बसतो. गेल्या तीन आठवड्यांत तुम्ही मला तीनदा ऐकू आलात. खरखरीच्या खाली, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. तुमचा कॉलसाइन, परवान्यावरची ती ओळखीची अक्षरं, अर्धाच. मग 'कुणी ऐकतंय का?' माझा अंगठा बोलायच्या बटणावर होता. माझा आवाज तुम्हाला लख्ख पोचला असता. मी बटण दाबलं नाही. म्हटलं, मारू देत हाका, कळू दे कसं वाटतं. तिन्ही वेळा. ओ न देणारं ते कुत्रं मी होतो, आप्पा. तुमच्या सेटला काही झालेलं नाही. खांब उतरवू नका. तारा पसरा आणि पुन्हा हाक मारा.

तुमचाच,
नववी नापास