भानुमतीने ऑगस्टात आफ्रिकेला जावे म्हणून

मी, वैजनाथ केशव अंबेकर, वय एकोणऐंशी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. हृदय दुबळे झाले आहे, डोके अजून जाग्यावर आहे. डॉक्टरीणबाई खाली तशी सही देतीलच. पत्नी भानुमतीला दुर्बिणीचा पट्टा आणायला शहागंजला पाठवले आहे, तेवढ्यात हे उरकतो.

१. राहते घर व बँकेतील ठेवी भानुमतीच्या एकटीच्या मालकीच्या. चिरंजीव बद्रीनाथचे बजाजनगरला स्वतःचे घर आहे. पुढे कोणाला काय द्यायचे ते ती ठरवील, तेव्हा त्याने आईशी गोडीत राहावे.

२. माझी दुर्बीणही तिलाच. येत्या ऑगस्टात आम्ही दोघे आफ्रिकेत, टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात जनावरे बघायला जाणार आहोत. बेत सगळा तिचा, मी फक्त ‘बरं’ म्हणालो. जीपमध्ये प्रत्येकाला खिडकी मिळालीच पाहिजे, असे तिने प्रवास कंपनीला बजावले. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस घेतली. निळ्या-काळ्या कपड्यांवर तिथल्या माश्या येतात, म्हणून जन्मात साडी न सोडलेल्या या बाईने मातकट रंगाचे पंजाबी ड्रेस शिवून घेतले. छोट्या विमानात कडक बॅग चालत नाही, तर कापडी पिशव्या घरीच शिवल्या. अशी बाई साहेब म्हणून मिळाली असती, तर मी नोकरीत जरा जास्त काम केले असते. मला तिचा फार अभिमान वाटतो.

३. थोरले बंधू नानासाहेब यांना माझी चांदीच्या मुठीची काठी. आमचा बेत ऐकून ते म्हणाले होते, “म्हातारपणी माणसं काशीला जातात, जनावरं बघायला नाय.” भानुमती म्हणाली, “काशी झाली, भावजी. आता हे राहिलंय.” कलम चारच्या आड आले नाहीत, तरच काठी त्यांची.

४. प्रवासाआधी मी गेलो, तरी भानुमतीने ठरल्या दिवशी निघावे. तेरावा झाला नसला तरी निघावे. क्रियाकर्म बद्रीनाथ करील, विमानतळावरही तोच सोडील. तिला कोपऱ्यात बसवायचे नाही.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी वडील वारले. खुलताबादच्या घरात आईला वर्षभर कोपऱ्यात बसवले. मी पाच-सहा वर्षांचा होतो, तिचे ताट नेऊन ठेवायचो. पुढे तिने कुठे जायचे नावच काढले नाही. वेरूळ तिथून हाकेवर. तेही न बघता ती गेली. मला हे आजही सहन होत नाही. नानासाहेब, तुम्हालाही आठवत असेल.

माझी जीपमधली खिडकीही भानुमतीचीच. एकीतून सिंह बघावा, दुसरीतून हत्ती.

५. भानुमती, परवा तू मला मोबाइलवर तिथल्या नदीत उड्या घेणारे कळप दाखवलेस. एकाला मगरीने ओढून नेले. मी विचारले, याच्या जोडीदारणीचे काय? तू म्हणालीस, “ती थांबत नाय. पलीकडं गवत असतं ना.” हे कायद्यात कसे बसवायचे मला ठाऊक नाही, पण माझी शेवटची इच्छा तीच आहे. तू पलीकडे जा.

सही: वैजनाथ केशव अंबेकर

वैजनाथरावांनी आमच्यादेखत वाचून सही केली:
१. डॉ. उमा वझरकर (शुद्धीवर असल्याची खात्री केली)
२. बन्सी सांडू काळे, शेजारी

छत्रपती संभाजीनगर, ९ जून २०२४